गोदूबाईनं मोडलेला कौल

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कटकट नको. माझा डावा पाय वाळलेला आहे, मी काठी घेऊन चालते, आणि मला कुणी "बिचारी" म्हटलेलं खपत नाही. हा ताठा माझा एकटीचा नव्हे, तो गोदूबाईच्या घरचा. तिच्या हाताखाली वाढलेल्या पोरांत हट्टी निपजली, तोंडाळ निपजली, एखादं चोरून गूळ खाणारंही निपजलं. बिचारं मात्र एकही निपजलं नाही.

गोदूबाई म्हणजे कुणी मोठी बाई नव्हे हां. रत्नागिरीच्या बाजारात तिचं नाव विचारलंत तर लोक म्हणतील, कोण, ती सुंभवाली का? भाट्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला आमची वाडी. तिचा नवरा मचव्यावर खलाशी होता. मचवा एकदा मलबाराकडे गेला आणि परत आलाच नाही. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं ते शाकारलेलं घर, चार माड आणि सुंभ वळायचं कसब. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, महिनेन् महिने कुजू द्यायची, मग वर काढून लाकडी बडवण्यानं चोपायची, की आतला काथ्या मोकळा होतो. तो पिळून सुंभ वळायचं. या कामाचा वास अंगाला असा बसतो की सात पाण्यांनी जात नाही. आये म्हणायची, "लग्नाच्या पंगतीत माझ्या बाजूला कोण बसत नाय. बरं हाय, ऐसपैस जेवते."

आये म्हणजे गोदूबाईच. आम्ही सगळी तिला आयेच म्हणायचो.

मी तिच्याकडे आले ती सन बावीस-तेवीसच्या सुमारास. तापाची साथ आली, त्यात माझी आई गेली आणि माझा पाय गेला. बाप मुंबईला गोदीत. त्याला दुसरं लग्न करायचं होतं, आणि नव्या बायकोला लंगडी पोर नको होती. आजीनं मला काखोटीला मारून सगळी वाडी पालथी घातली. घरोघरी लोकांनी गूळपाणी दिलं, चुकचुकले, "देवाची करणी" म्हणाले आणि दारातूनच वाटेला लावलं. गोदूबाई काही चुकचुकली नाही. तिनं माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "हात बरे हायत की. ठेव." मी तेव्हा इवलीशी होते, हे सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं. पण आजीला खोटं बोलायची सवय नव्हती.

माझ्या मागून धाकू आला. आये सुंभ विकायला पालीच्या बाजाराला गेली होती, तिथं बैलगाडीच्या सावलीत एक पोर झोपलेलं. हाक मारली तर उठेना, हलवलं तर दचकून उठून बसलं. मुकंबहिरं. कुणाचं, कुठलं, काही पत्ता नाही. तिनं सगळा बाजार विचारून काढला. पुढल्या बाजारालाही त्याला घेऊन गेली, कुणी ओळखतं का बघायला. कुणी ओळख दिली नाही, नाहीतर ओळखूनही दिली नसेल. मग तो घरातला धाकटा, म्हणून धाकू. त्याला हाक मारायची सोय नव्हती, म्हणून तो अंगणात कामाला बसला की त्याच्या मनगटाला सुंभाचा एक पेड असायचा आणि दुसरं टोक आयेजवळ. एक हिसका म्हणजे "इकडे ये", दोन म्हणजे "जेवायला". दोन हिसक्यांना तो उडतच यायचा, लबाड.

आणि मग सोनू. सोनूचा चुलता लवू, बुरोंडीचा. सोनूचे आईबाप देवीच्या साथीत गेले आणि हिचे डोळे गेले. लवूला कुणीतरी सांगितलं की रत्नागिरीकडे एक बाई असली पोरं ठेवून घेते. एका सकाळी तो तिला अंगणात उभी करून म्हणाला, "पाऊस सरला की नेतो." पाऊस सरला. त्यानंतर पुष्कळ पाऊस सरले. लवू काही फिरकला नाही.

सोनूसाठी आयेनं दाराच्या खांबापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून न्हाणीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर सुंभ ताणून बांधलं. सोनू त्याला हात लावून भिंगरीसारखी पळायची. येणारेजाणारे त्या दोरीत अडखळायचे आणि शिव्या घालायचे. आये म्हणायची, "तुमाला डोळे हायत ना? मग बघून चाला."

मी काथ्या पिंजायची, धाकू सोडणं चोपायचा, सोनू वळायची. तिच्या वळण्यात गाठ सापडायची नाही. आणि वळता वळता गायची. अहो, काय आवाज होता पोरीचा! खाडीतून होडी वल्हवणारे वल्हं थांबवून ऐकायचे. कुणी आयेला म्हणालं, "गोदूवैनी, फार पुण्य जोडतेस गो," की ती फणकारायची. "पुण्य कसलं? सुंभ वळायला मानसं लागतात मला. ही माझी मानसं." ती असं बोलायची, पण रात्री आम्हा तिघांची डोकी चाचपल्याशिवाय तिला झोप लागायची नाही, हे मला ठाऊक आहे.

अशी वर्षं गेली. सोनू बारा-तेरा वर्षांची झाली, आणि मिठाच्या सत्याग्रहाचा गवगवा झाला त्याच्या पुढच्या साली लवू उगवला. एकटा नाही. बरोबर घाटावरचा एक गृहस्थ, डोक्याला जरीचा फेटा. हा माणूस जत्रा-जत्रांतून फिरायचा, आंधळी पोरं रांगेत बसवून त्यांना गायला लावायचा आणि पुढे फडकं अंथरायचा. सोनूच्या गळ्याची ख्याती होडीवाल्यांच्या तोंडून कुठवर गेली असेल ते बघा. लवूनं अंगणात पाय ठेवला आणि म्हणाला, "पोर न्यायला आलो."

आयेनं त्याला नखशिखांत बघितलं. "पाऊस सरला काय रे तुझा?"

लवू वरमला, पण हटला नाही. म्हणाला, "गोदूबाय, तुझे उपकार हायत. पण रक्त माझं हाय. तू हिची कोण?"

यावर आयेनं हातातलं सुंभ खाली ठेवलं. तिनं काम अर्धवट टाकलेलं मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मला भीती वाटली. खरंच होतं ना, ती आमची कोण होती? कागद नाही, नातं नाही. सोनू खांबाला मिठी मारून ओरडत होती, "मला नाय जायचं, मला नाय जायचं!" फेटेवाला तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे." त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

वाडी गोळा झाली. वाडीचा मुख्य, गावकार गंगाराम आला. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. गेल्या साली मासळी नव्हती, एक होडी फुटली होती, आणि वाडीत कुजबूज होती की देवानं टाकलेलं गोदूबाई घरात भरते, म्हणून हे सगळं. गंगाराम म्हणाला, "भांडण कशाला? नवलाईला कौल लावू. देवी सांगेल ते दोघांनी ऐकायचं. काय गो वैनी?"

आणि आये "व्हय" म्हणाली.

तुम्ही म्हणाल, कशाला म्हणाली? तिला खात्री होती म्हणून म्हणाली. आमच्याकडे बी पेरायचं, होडी पाण्यात ढकलायची, पोरीचं लग्न ठरवायचं, सगळं नवलाईला विचारून. आये तर देवीच्या पाया पडल्याशिवाय सोडणंसुद्धा पुरायची नाही. मला म्हणाली, "येसू, घाबरू नको. देवी बाईमानूस हाय. तिला समजतं." एवढा विश्वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळी देवळात. विठू गुरवानं देवीच्या पाषाणाला पाणी घातलं, दोन कळ्या भिजवल्या आणि एक उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला चिकटवली. उजवी आधी पडली तर सोनू गोदूबाईकडे राहणार, डावी पडली तर चुलत्याबरोबर जाणार. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, आणि सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा!" धाकूनं सगळ्यांची तोंडं हललेली बघितली आणि त्यानंही आपलं तोंड हलवलं.

मग वाट बघणं. कळ्या हलेनात. एरवी पान खाऊन होईस्तोवर कौल मिळतो. त्या दिवशी उन्हं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि मागे सरली, तरी दोन्ही कळ्या आपल्या जागी. कौल लावलेला असताना उठून जायचं नाही, दुसरं काही विचारायचं नाही, असा रिवाज. माणसांची पोटं बोलायला लागली. लवूची आगबोट गाठायची वेळ टळत चालली, तो सारखी मान वळवून दाराबाहेरचं ऊन बघत होता. कुणीतरी म्हणालं, "उद्यावर टाकूया." आये म्हणाली, "देवी इचार करतेय. करू दे तिला. घाई असेल त्यानं जावं." आणि मांडी बदलून बसली. सोनू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

दिवे लागायच्या आधी एक कळी सुटली. देवीच्या मांडीवर पडली आणि तिथून खाली.

विठू गुरवानं वाकून बघितलं. दुसरी कळी घट्ट होती. गुरव बराच वेळ वाकलेलाच राहिला. मला वाटलं, हा आता काहीतरी वेगळं बोलेल. पण विठू गुरव खोटा माणूस नव्हता. तो इतक्या हळू बोलला की मागच्यांना ऐकूसुद्धा आलं नाही.

"डावा."

सोनू तेवढ्यानं जागी झाली. डावा म्हणजे काय ते वाडीतल्या लहान पोरालाही कळतं. ती रडली नाही. तिनं उठून आपला परकर सारखा केला आणि म्हणाली, "आये, मी जाते." देवी सांगते म्हटल्यावर जायचं, एवढंच तिला माहीत होतं.

आये उठली. तिला आतून-बाहेरून ओळखणारी मी, पण पुढे काय होणार याची मला कल्पना नव्हती. ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली, देवीला हात जोडले, आणि नेहमी शेजारणीशी बोलायची तसल्याच आवाजात बोलली.

"नवलाय, तुझ्यापुढं आजवर मान वर केली नाय. तुला साऱ्या गावाची पोरं हायत. येखादं जड झालं असेल तुला, मी समजते. मला नाय झालं." मग वळली आणि सोनूचा हात धरला. "चल घरी. पेज निवली असेल."

गंगाराम गावकाराचं तोंड उघडं ते उघडंच. लवू मात्र झेपावला आणि त्यानं सोनूचा दुसरा दंड धरला. माझी काठी त्याच्या नडगीवर कशी बसली हे मला कळलंच नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खोटं! चांगलं कळलं. नेम धरून मारली होती. तो "अगे आये गे" करत खाली बसला. फेटेवाल्यानं एवढं बघितलं आणि म्हणाला, "असली भांडणाची पोर मला नको बाबा. जत्रेत पोलीस मागे लागतील." त्यानंच अंग काढल्यावर लवूला आंधळी पुतणी कशाला हवी होती? सकाळच्या आगबोटीनं दोघे गेले. सोनू राहिली.

राहिली, पण फुकट नाही. आयेनं कौल मोडला होता. असं आमच्या वाडीत कुणी कधी केलेलं नव्हतं, आणि माणसं तिला वाईट म्हणण्यापेक्षा घाबरायचीच जास्त. विहिरीवर ती आली की बायका घागर उचलून बाजूला व्हायच्या. वाडीतला कुणी तिचं सुंभ घेईना. ती पहाटे भारा डोक्यावर घेऊन बंदरावर जाऊन विकायची. शिमग्याला देवीची पालखी घराघरात नाचली आणि आमच्या बेड्यावरून, म्हणजे अंगणाच्या फाटकावरून, सरळ पुढे गेली. आये ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. पालखी दिसेनाशी झाली तेव्हा तिनं ताटातला नारळ फोडला आणि आम्हाला खोबरं वाटलं. म्हणाली, "खा. देवीला ठेवलेला, गोड असतो."

हे सगळं आम्ही हसून काढलं असतं. पण पुढल्या पावसात धाकूला ताप आला. आयेनं काढे दिले, पावसात भिजत जाऊन सिव्हिल हॉस्पिटलातून कोयनेल आणलं, रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसली. त्याच्या मनगटाला तिनं सुंभाचा पेड बांधून दिला होता, म्हणजे काही हवं तर ओढेल. शेवटी शेवटी त्यानं तोही ओढला नाही. धाकू गेला. एवढं गोड पोर, आणि जाताना एक शब्द नाही. शब्द त्याच्यापाशी नव्हताच म्हणा.

आता वाडी उघड बोलायला लागली. देवीनं दाखवलं बघा. एकीला सोडलं नाहीस, दुसरा नेला. आणि हे सोनूच्या कानांवर गेलं. तिचे कान म्हणजे काय, खाडीपलीकडची कुजबूज ऐकायचे! तिनं गाणं टाकलं, मग जेवण टाकलं. एक दिवस बोचकं बांधून दोरीला हात लावत दारापर्यंत आली. "आये, मला बुरोंडीला पोचव. मी ऱ्हायले तर देवी येसूलापण नेईल."

आयेनं तिचं बोचकं ओढून घेतलं आणि भिरकावून दिलं. मी तिला इतकी चिडलेली कधी बघितली नाही. चिडली होती आणि रडतही होती, दोन्ही एकदम. "वाडीत सात घरांत ताप हाय! दोन म्हातारे गेले, गंगारामाची सून वाचली म्हणून वाचली. त्या सात घरांनी काय कौल मोडला होता गो? धाकू तापानं गेला. मी त्याला वाचवू शकले नाय, ते दुःख माझं हाय. ते तू घेऊ नको, कळलं? बस खाली आणि जेव!"

सोनू बसली. जेवली. पण आयेचं तेवढ्यावर भागेना. तिच्या मनात काहीतरी शिजत होतं. नवरात्र बसलं, आणि अष्टमीला सगळा गाव देवळात असताना आये उठली, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चला." कौलानंतर तिनं देवळाची पायरी चढली नव्हती. आम्हाला दोघींना घेऊन ती आत गेली तशी गर्दी आपोआप फाटली. गंगाराम गावकाराच्या तोंडावर सुटका झाल्याचा भाव आला. सगळ्यांना वाटलं, आली वठणीवर. आता चूक कबूल करील, गाऱ्हाणं घालील, प्रकरण मिटेल. विठू गुरव नारळ घ्यायला पुढे झालासुद्धा.

आयेनं देवीची ओटी भरली. मग लोकांकडे तोंड केलं.

"माझं एक पोर गेलं," ती म्हणाली. "घरात जागा रिकामी हाय. कुनाच्या घरात असलं काय असेल, परसात, माळ्यावर, लपवून ठेवलेलं असेल, जड झालं असेल, तर मला आणून द्या. आईबाप वाटेल तेव्हा येऊन भेटू देत. मी कुनाला नाव सांगणार नाय. एवढंच सांगायला आले."

आम्ही तशाच घरी आलो. मी वाटेत म्हटलं, "आये, कोण देणाराय तुला? आपली सावली घेत नाहीत." ती म्हणाली, "नाय दिलं तर नाय दिलं. इचारायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी अंगणात काथ्या पिंजत होते. भर दुपार होती, सगळी वाडी ओट्यांवर. वाडीच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विठू गुरव येत होता. त्याच्या खांद्यावर एक पोर होती, चार-पाच वर्षांची. मान धरत नव्हती, हातपाय आखडलेले, तोंडातून लाळ गळत होती. त्याच्या मुलीची मुलगी. मुलगी बाळंतपणात गेली हे गावाला ठाऊक होतं, पण पोर जगली आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. देवळामागच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या बायकोनं तिला वाढवली होती. आता बायको थकली होती, तिला पोर उचलवत नव्हती.

आये दारात आली. गुरव अंगणातच थांबला.

"गोदूबाय," तो म्हणाला, "वाडीचे सगळे कौल माझ्या हातून लागतात. बी-बियाण्याचे, लग्नाचे, होडीचे. हिचा कौल मी कधी लावला नाय. रोज देवीसमोर उभा ऱ्हातो, पण विचारायची छाती झाली नाय. डावा आला असता, तर मी काय केलं असतं?"

आये त्याच्याजवळ गेली आणि तिनं पोरीची मान आपल्या तळहातावर घेतली.

"काय केलं असतं म्हणजे?" ती म्हणाली. "माझ्यासारखंच केलं असतं. आत आणा तिला, उन्हात ठेवू नका."